कॅप्टॉन, हीट श्रिंक, फिश पेपर, मायका: असेंब्लीत कुठे काय वापरायचं?

ठिणगी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी छोट्या कंट्रोल बॉक्सची असेंब्ली करते. पत्र्याचा डबा, डब्याला अर्थ आहे. आत २४ व्होल्टचा तयार एसएमपीएस (मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेचे २४ व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय), तोही उघडा, वर कव्हर नाही. त्याच्या शेजारी माझा बोर्ड: एक मायक्रोकंट्रोलर, मेन्सचा पंखा चालू-बंद करणारा एक रिले आणि २४ व्होल्टचे दोन हीटर चालवणारे दोन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच). मॉस्फेट डब्याच्या मागच्या भिंतीलाच स्क्रूने बसवलेत, म्हणजे वेगळा हीटसिंक नको. डबे बऱ्यापैकी दमट जागी लागणार आहेत.

नमुने केले तेव्हा हाताशी जे होतं ते गुंडाळलं आणि काम भागलं. आता बॅच आहे, टेबलावर माझ्याबरोबर आणखी दोघी बसतात, आणि तिघींनी तीन तऱ्हेने टेप लावलेली मला नको आहे. एकदाच ठरवून टाकायचंय की कुठल्या जागी कुठलं इन्सुलेशन, आणि बाकीचं टेबलावरून उचलायचं.

सध्याच्या कटकटी अशा. सोल्डर करताना वायरचं पीव्हीसी मागे सरकतं, जोडाच्या मागे उघडी तार दिसते. काळी टेप थोड्या दिवसांनी सुटते आणि चिकट रस सोडते. बोर्डाखाली आणि डब्याच्या तळात काय घालावं ते ठरत नाही. मॉस्फेटखाली मायका (अभ्रक) की सिलिकॉन पॅड, ह्यावर ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. आणि कॅप्टॉन टेपची एक मोठी रीळ आणून ठेवली आहे, ती कुठे कुठे चालेल?

फ्लक्सवाला

सोप्पं आहे हो. काळी टेप आणि हॉट ग्लू दोन्ही कचऱ्यात. कॅप्टॉन ४०० डिग्री झेलतं, सोल्डरिंग आयर्न टेकवलं तरी ढिम्म. बोर्डाखाली कॅप्टॉन, जोडावर कॅप्टॉन, मॉस्फेटखाली सिलिकॉन पॅड. वायर सगळी टेफ्लॉन घ्या म्हणजे आवरण मागे सरकायचा प्रश्नच मिटला. महाग मटेरियल एकदाच लागतं, परत आलेला डबा दहा वेळा महाग पडतो. मी वर्षानुवर्षं हेच करतोय.

तारतम्य

फ्लक्सवाले, काळी टेप आणि ग्लूबद्दल पटलं. "सगळीकडे कॅप्टॉन" मात्र अजिबात नाही.

ठिणगीताई, मी असेंब्लीवाला नाही, दुरुस्तीवाला. माझ्यासमोर इन्सुलेशन येतं ते मेल्यावरच. आणि मेन्सच्या किंवा त्याखालच्या व्होल्टेजच्या उपकरणांत निव्वळ व्होल्टेजने मेलेलं इन्सुलेशन मी फार क्वचित पाहतो. ते मरतं कडेने. पत्र्याची कड, भोकाभोवती राहिलेला बर (धातूची धारदार किनार), कापलेल्या लीडचं (सुट्या भागाच्या तारेच्या पायाचं) टोक, स्क्रूचे आटे. कडेने नाही मेलं तर रोजच्या गरमीने कडक होऊन तडकतं. डेटाशीटवर ठळक छापलेला किलोव्होल्टचा आकडा ह्या दोन्हींबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून मटेरियलचं नाव ठरवण्याआधी त्या जागेला विचारायचं: इथे काय टोचणार आहे, काय दाबणार आहे, आणि कायमची गरमी किती. व्होल्टेज शेवटी.

आता तुमची कॅप्टॉनची रीळ. कॅप्टॉन म्हणजे पॉलिइमाइड. ते वितळतच नाही, खरोखर ४०० अंशांपर्यंत तग धरतं, त्याबद्दल वाद नाही. पण टेपवर फिल्म असते नेहमी २५ मायक्रॉनची, केसापेक्षा पातळ. तिला ओढून पाहा, तुटत नाही. सुईने टोचून पाहा, लगेच आरपार. शिवाय ४०० अंश हे फिल्मचे. मागच्या सिलिकॉनच्या चिकटाला थोडा वेळच्या गरमीसाठी २६० अंश धरतात, आणि ॲक्रिलिक चिकट असेल तर त्याहून बरेच कमी. आणखी एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही: धूळ आणि ओलावा बसलेल्या पृष्ठभागावरून करंट सरकत जाऊन कोळशाची वाट तयार होते, ज्याला ट्रॅकिंग म्हणतात, त्या बाबतीत पॉलिइमाइड कच्चं आहे. तुमचे डबे दमट जागी जाणार आहेत, हे विसरू नका.

एकदा एक वीजपुरवठ्याचा डबा माझ्याकडे आला होता, मधूनच फ्यूज उडवायचा. बनवणाऱ्याने बोर्डाखाली डब्याच्या तळाला कॅप्टॉनचा एक थर नीट, एकही सुरकुती न पडू देता लावला होता. बोर्ड काढला तेव्हा वरवर काही दिसेना. भिंग लावलं, तेव्हा टेपवर मोहरीच्याही चौथाईएवढं भोक आणि त्याच्याभोवती काळं वलय. बरोबर त्याच्यावर बोर्डाच्या मागे एका कपॅसिटरचं लीड. कटरने तिरकं कापलेलं, त्यामुळे टोक छिन्नीसारखं. मधला स्क्रू आवळला की बोर्ड मध्ये किंचित वाकत होता आणि ते टोक टेपला जेमतेम टेकत होतं. पहिल्या दिवशी काही झालं नसणार. डबा तापला, निवला, थरथरला, आणि टोकाने आपलं काम केलं. टेपवर भले हजारो व्होल्टचा आकडा छापलेला असेल, तिला मारलं अर्धा मिलिमीटर लांब राहिलेल्या लीडने.

म्हणून बोर्डाखाली टेप नाहीच. तिथे हवा हवी, आणि हवेच्या जोडीला एक ताठ शीट. स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे खांब) एवढे उंच घ्या की सगळ्यात लांब लीड आणि पत्रा यांच्यात ठळक अंतर राहील. लीड कापल्यावर बोर्डाबाहेर एक ते दीड मिलिमीटरच दिसावी. बोर्ड मोठा असेल तर मध्ये एक नायलॉनचा आधार द्या, म्हणजे वाकणार नाही. खाली फिश पेपर (इन्सुलेशनचा चिवट, जाड कागद), पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिकार्बोनेटची शीट, पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीची. शीट बोर्डापेक्षा चारही बाजूंनी मोठी कापा आणि कडा वर दुमडा, ताटलीसारखी. सपाट शीट बोर्डाच्याच मापाची कापली की कडेचं लीड तिच्या बाहेरून पत्र्याला गाठतं, हे मी फार वेळा पाहतो.

उघड्या एसएमपीएसखालीही हेच. तिथे तर आधी हेच.

कॅप्टॉनचं काय, तर ते टेबलावर ठेवा, पण सोल्डरिंगचं साधन म्हणून. सोल्डर पॉटमध्ये बोर्ड बुडवताना गोल्ड फिंगर (बोर्डाच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या) झाका, हॉट एअर मारताना शेजारचा प्लॅस्टिकचा कनेक्टर झाका, वायर जागेवर धरून ठेवा. काम झालं की काढा. काढताना सावकाश, झटक्याने ओढली की टेपवर हजारो व्होल्टची स्थिर वीज तयार होते, आणि तुमच्या मायक्रोकंट्रोलरच्या पायांशी तो खेळ नको. ईएसडीसाठी, म्हणजे ह्या स्थिर विजेपासून वाचायला, वेगळी कॅप्टॉन टेप मिळते, ती ह्याचसाठी.

ठिणगी

बाप रे, बोर्डाखाली टेप लावायचं जवळजवळ ठरलंच होतं. आणि वायरचं काय? टेफ्लॉन घेऊ का खरंच?

तारतम्य

वायरवर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. सोल्डर करताना पाच सेकंद सोसायची गरमी एक, आणि डब्यात वर्षानुवर्षं सोसायची गरमी दुसरी. तुमच्या डब्यात वायरला दुसरा त्रास फारसा नाही. पीव्हीसी मागे सरकतं तो पहिला त्रास.

साधं पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. तांब्यातून गरमी चढते आणि ताण देऊन बसवलेलं आवरण मागे आखडतं. जोड पटकन होत नसेल तर जास्तच. तेव्हा आधी जोड पटकन होतोय का पाहा: टीप स्वच्छ आणि पुरेशी जाड, वायर आधी टिन केलेली (सोल्डरचा थर चढवलेली), फ्लक्स ताजा. ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, शिसं नसलेलं एसएसी ३०५ साधारण २१७ ते २२० ला. तुम्ही दुसऱ्यावर असाल तर वायरला तेवढाच जास्त वेळ भाजणी. एवढं करून भागत नसेल तर टेफ्लॉनपर्यंत उडी मारायची गरज नाही, मध्ये एक पायरी आहे: क्रॉसलिंक केलेलं आवरण. पीव्हीसीमध्ये यूएल १४३०, पॉलिथिलीनमध्ये यूएल ३२६६ (हे वायरच्या प्रकारांचे नंबर). रेणू एकमेकांना बांधलेले असल्यामुळे गरमीने ते वितळून मागे पळत नाही. दिसायला, सोलायला साध्या वायरसारखंच. दोन्ही ३०० व्होल्टची आहेत. मेन्सच्या वायरिंगला मी ६०० व्होल्टची यूएल १०१५ घेतो, तिचं आवरण जाड असतं, आणि जाडीच कडेपासून वाचवते.

टेफ्लॉनबद्दल माझी तक्रार एवढीच की लोक त्याला अमर समजतात. पीटीएफई ३२७ अंशांना वितळतं आणि २०० ते २६० अंशांत आरामात काम करतं, हे खरं. पण ते दाबाखाली हळूहळू सरकतं. केबल टायने करकचून बांधून पत्र्याच्या कडेवर टेकवलेली टेफ्लॉनची वायर काही महिन्यांत कडेच्या बाजूने पातळ होत जाते, गरमी नसतानाही. त्याच्यावर गोंद चिकटत नाही, पॉटिंग केलं (डब्यात राळ ओतून भरली) तर वायरच्या बाजूने फट राहते. आणि आयर्नने ते जाळून सोलायची सवय कोणाला असेल तर मोडा. तो धूर छातीत गेला की ताप भरतो. ब्लेडने सोलताना तांब्याच्या तारा कापल्या जातात, म्हणून बरोबर मापाचा स्ट्रिपर लागतो. तुमच्या डब्यात मला त्याची गरज कुठेच दिसत नाही. हीटरच्या अगदी तोंडाशी जाणारी वायर असेल तर तिथे मी सिलिकॉनची वायर घेऊन तिच्यावर फायबरग्लासची स्लीव्ह चढवेन. सिलिकॉन १८० अंश सहज सोसतं, आयर्न लागलं तरी जळून मागे पळत नाही, पण नखानेही फाटतं. स्लीव्ह त्याचसाठी.

सोल्डर केलेल्या जोडावर हीट श्रिंक. पॉलिओलेफिनचं साधं दोनास एक (आवळल्यावर व्यास निम्मा), १२५ अंशांचं. ह्यात दोन गोष्टी तुमच्या दोघी मदतनीसांना दाखवून ठेवा. एक, तुकडा सोल्डर करण्याआधी वायरवर ओवायचा, आणि ओवून जोडापासून चांगला लांब ढकलायचा. जवळ ठेवला की तांब्यातून आलेल्या गरमीने तिथेच आवळतो आणि मग जोडावर येत नाही. दुसरं, श्रिंक चढवण्याआधी जोडावर बोट फिरवा. सोल्डरचा काटा वर आला असेल तर तो आवळताना आतून टोचतो, बाहेरून टोक पांढुरकं दिसतं. काटा असेल तर आयर्न पुन्हा लावून गोल करा. श्रिंक जोडाच्या दोन्ही बाजूंना मूळ आवरणावर काही मिलिमीटर चढायला हवं. ते लांबीतही थोडं आखडतं, तेव्हा तुकडा मोजून मापून कापू नका, सैल हाताने कापा. आणि शेवटपर्यंत आवळून घट्ट व्हावं लागेल एवढं मोठं माप घेऊ नका. पूर्ण आवळल्यावरही सैल राहिलेली श्रिंक म्हणजे नुसती टोपी.

काळी टेप फेकू नका, वायरचे गठ्ठे तात्पुरते बांधायला बरी असते. जोडावर नको.

हॉट ग्लू तर इन्सुलेशनच नाही. नेहमीच्या ग्लूच्या काड्या ६०-८० अंशांत मऊ पडतात. आणि दुरुस्तीवाल्यांचा एक जुना वैरी सांगतो: जुन्या उपकरणांत मोठे कपॅसिटर बोर्डाला चिकटवायला वापरलेला पिवळसर गोंद गरमीने तपकिरी पडला की वीज वाहायला लागतो आणि लीड खातो. उघड्या एसएमपीएसमध्ये तपकिरी गोंद दिसला तर खरवडून काढा.

चुंबक

मी ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो, त्यामुळे वर न आलेलं थोडंसं.

ठिणगीताई, मेन्सची वायर आणि २४ व्होल्टची वायर एकाच गठ्ठ्यात बांधू नका. हे टेपने सुटण्यासारखं नाही. मेन्स आणि अर्थ केलेला डबा यांच्यात बेसिक, म्हणजे एकपदरी इन्सुलेशन पुरतं, कारण बिघडलं तर अर्थ आणि फ्यूज आहेत. मेन्स आणि २४ व्होल्ट यांच्यात मात्र दुहेरी किंवा रीइन्फोर्स्ड (दुहेरीच्या तोडीचं एकच) लागतं, कारण २४ व्होल्टच्या बाजूला माणूस बिनधास्त हात लावतो. दोन्ही वायर जिथे एकमेकींना ओलांडतातच, तिथे मेन्सच्या वायरवर जादा स्लीव्ह चढवा आणि तिची टोकं पक्की करा, म्हणजे ती सरकणार नाही.

तुमच्या बोर्डावर रिले आहे, म्हणजे ही सीमा बोर्डातूनही जाते. २५० व्होल्टपर्यंत, नेहमीच्या धुळीच्या जागी, एफआर-४ (बोर्डाचं नेहमीचं फायबरग्लास) सारख्या मटेरियलवर पृष्ठभागावरचं अंतर, क्रीपेज, बेसिकला २.५ मिमी आणि रीइन्फोर्स्डला ५ मिमी धरतात. आम्ही सगळे हात मोकळा ठेवून ६ ते ८ करतो. दमट जागा असेल तर रिलेच्या कॉइल आणि कॉन्टॅक्टमध्ये बोर्डाला खाच पाडून घ्या. खाचेत धूळ साठून पूल होत नाही.

पातळ फिल्मने रीइन्फोर्स्ड करायचंच झालं तर नियम एका थराला विचारतच नाही. दोन थर असतील तर प्रत्येकाने एकट्याने चाचणी सोसायची, तीन असतील तर कुठल्याही दोघांनी मिळून. ट्रान्सफॉर्मरमध्ये पिवळ्या पॉलिएस्टर टेपचे तीन वेढे दिसतात ते म्हणून. ही पिवळी टेप १३० अंशांच्या वर्गाची, आयर्न टेकलं की भोक. कॅप्टॉनच्या शेजारी ठेवू नका, घाईत अदलाबदल होते.

फ्लक्सवाला

ठीक आहे, बोर्डाखालचं मान्य. पण तारतम्यकाका, मॉस्फेटला हात लावलाच नाहीत. सिलिकॉन पॅड लावा आणि मोकळे व्हा, मायका आणि पेस्टची घाण कोण करणार? पॅड लावल्यावर मी मीटरने बघतो, ओपन दाखवतो, झालं.

तारतम्य

मॉस्फेटवर लिहायचं मुद्दाम राखून ठेवलं होतं, कारण तिथे ताईंनी एक आकडा सांगितला तर अर्धा वाद संपतो. तो आकडा म्हणजे प्रत्येक हीटर किती अँपिअर घेतो आणि मॉस्फेटचा ऑन रेझिस्टन्स, म्हणजे चालू असतानाचा रोध, किती.

तोवर हिशोब मांडून ठेवतो. टीओ-२२० ची (मॉस्फेटचा नेहमीचा आकार) पाठ साधारण १० बाय १५ मिलिमीटर, म्हणजे १५० चौरस मिलिमीटर. ०.०५ मिमीचा मायका, त्याची उष्णतावाहकता अर्धा वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास. भागाकार केला तर ०.७ अंश प्रति वॅटच्या जवळ येतं. ०.२ मिमीचा, १ वॅट प्रति मीटर-केल्विनचा सिलिकॉन पॅड १.३ अंशाच्या आसपास. १ मिमीची ॲल्युमिनाची (सिरॅमिक) चकती, २५ वॅट प्रति मीटर-केल्विनची, पाव अंशाच्या थोडी वर. हे नुसतं मटेरियलचं. पृष्ठभागांमधल्या फटी वेगळ्या. त्या भरायला मायका आणि ॲल्युमिनाला दोन्ही बाजूंनी पेस्ट लागते, पॅड स्वतःच दबून भरतो. १० वॅटला मायका आणि पॅड यांच्यात सहा-सात अंशांचा फरक. तिथे मी पेस्टची घाण आनंदाने करेन. एखाद्या वॅटला फरक हाताला कळणारही नाही.

पॅड असो वा मायका, खरा शत्रू पुन्हा तोच: पत्र्याला पाडलेल्या भोकाभोवतीचा बर. ड्रिल मारल्यावर मोठ्या बिटने हाताने एक वेढा देऊन भोकाची कड मोडा, दोन्ही बाजूंनी. बोट फिरवून काही लागलं नाही पाहिजे. स्क्रूला खांद्याचा बुश (इन्सुलेशनची कॉलरवाली नळी) हवा, नाहीतर खाली कितीही छान पॅड घाला, स्क्रूच टॅबला (मॉस्फेटच्या धातूच्या पाठीला) डब्याशी जोडतो. नायलॉनचा बुश गरम झाल्यावर दबतो आणि स्क्रू सैल पडतो, म्हणून पीपीएसचा (जास्त गरमी सोसणारं प्लॅस्टिक) मिळाला तर तो.

आता मीटर. मीटर ओहमवर जेमतेम दोन-तीन व्होल्ट लावतो. पॅडमध्ये घुसलेला बर पत्र्यापासून एका कागदाच्या जाडीवर थांबला असेल तरी मीटर ओपनच म्हणणार. म्हणून मेगर, म्हणजे शेकडो व्होल्ट लावून इन्सुलेशन मोजणारा मीटर. मॉस्फेट बसवल्यावर, बोर्डाला सोल्डर करण्याआधी, त्याचे तिन्ही पाय उघड्या तारेने एकत्र गुंडाळा, मग पाय आणि डबा यांच्यात ५०० व्होल्ट डीसी. पाय एकत्र न करता लावलंत तर गेट (मॉस्फेटचा नाजूक, चालू-बंद करणारा पाय) उडवाल.

आणि हे तुमच्या सर्किटमध्ये का महत्त्वाचं आहे ते बघा. टॅब म्हणजे ड्रेन, मॉस्फेटचा करंट वाहणारा एक पाय. मॉस्फेट हीटरच्या खालच्या बाजूला असतील आणि २४ व्होल्टचा मायनस डब्याला जोडलेला असेल, तर पॅड फुटला की तो हीटर कायमचा चालू, मायक्रोकंट्रोलर काहीही म्हणो. मायनस डब्याला जोडलेला नसेल तर आणखी मजा: एक पॅड फुटला तर काहीच कळत नाही, सगळं ठीक चालतं. दुसराही फुटला की दोन्ही ड्रेन डब्यातून एकमेकांना जोडले जातात, आणि एक हीटर लावला की दोन्ही लागतात. असा दोष सॉफ्टवेअरवाल्यांकडे जातो आणि तिथे महिनोन्‌महिने पडून राहतो.

ठिणगी

प्रत्येक हीटर साधारण ५ अँपिअर. मॉस्फेट २० मिलिओहमचा. नुसता चालू-बंद, वेगवान पीडब्ल्यूएम नाही. मायनस डब्याला जोडलेला नाही. म्हणजे वरची "मजा" माझ्याच वाट्याला!

तारतम्य

पाचाचा वर्ग २५, गुणिले ०.०२, अर्धा वॅट. तापल्यावर ऑन रेझिस्टन्स वाढतो, दुप्पट धरा, एक वॅट. ताई, मग मायकाही नको आणि पॅडही नको. त्याच मॉस्फेटचा फुल पॅक मिळतो का बघा, टीओ-२२० एफ. पाठही प्लॅस्टिकने झाकलेली असते, इन्सुलेशन कारखान्यातच भरलेलं. बुश नको, स्क्रू सरळ. उष्णता थोडी कमी जाते, पण एका वॅटला काय फरक पडतो. टेबलावरचे तीन सुटे भाग कमी झाले, आणि ते चुकीचे बसवण्याच्या तिन्ही शक्यताही.

फुल पॅक नाहीच मिळाला तर फायबरग्लासचं जाळं असलेला सिलिकॉन पॅड. फ्लक्सवाले, जिंकलात.

एक जाता जाता. जुन्या रेडिओ ट्रान्समीटरच्या भंगारातून कोणी पांढऱ्या सिरॅमिकच्या चकत्या काढून वापरत असेल तर त्या घासू, फोडू नका. काही बेरिलियम ऑक्साइडच्या असतात, त्यांची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते.

चुंबक

दमट जागेचं राहिलं. बोर्डावर कोटिंग करणार असाल तर आधी फ्लक्स धुवा, आयसोप्रॉपिल आणि ब्रश, आणि पूर्ण वाळू द्या. घाणीवर कोटिंग म्हणजे घाण आत कोंडणं. खाली ओलावा शिरतोच, आणि दोन पॅडमध्ये धातूचे कोंब वाढतात. ॲक्रिलिकचं कोटिंग घ्या, दुरुस्तीला सॉल्व्हंटने निघतं. रिले सीलबंद नसेल तर त्याच्यावर आणि कनेक्टरच्या आत जाऊ देऊ नका. कपॅसिटर धरून ठेवायला सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, सुकताना निघणारं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर मागा.

ठिणगी

सगळ्यांचे मनापासून आभार. टेबलावर आता हे ठेवतेय: मेन्सला यूएल १०१५, बाकी यूएल १४३०, पॉलिओलेफिनची श्रिंक तीन मापांत, हीटरच्या तोंडाशी सिलिकॉन वायर आणि फायबरग्लास, मॉस्फेट फुल पॅक. कॅप्टॉन फक्त आयर्नच्या स्टँडजवळ. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट आहेतच. पॉटिंग वगैरे नाही.

दोनच शंका. बोर्डाखाली फिश पेपर की पॉलिकार्बोनेट? आणि तयार डब्याचा मेगर करताना एसएमपीएस उडणार नाही ना?

तारतम्य

दमट जागा म्हटल्यावर फिश पेपर नको, तो ओलावा पितो. कोरड्या जागी टोचण्याविरुद्ध त्याच्याइतकं दणकट काही नाही, बॅटरीच्या सेलखाली मी तोच घालतो, पण तुमच्याकडे पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिप्रॉपिलीन. ज्वालारोधक, व्ही-० लिहिलेलं घ्या. पॉलिप्रॉपिलीनला ब्लेडने हलकी रेघ मारली की सुबक दुमडतं आणि दुमडीवर तुटत नाही. पॉलिकार्बोनेट घेतलंत तर एक पथ्य: ॲसिटोन, किंवा आटे पकडून ठेवणारं थ्रेडलॉकर त्याला लागू देऊ नका. बारीक तडे जातात, ते लगेच दिसत नाहीत. बोर्डाच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर लावायची सवय असेल तर त्याऐवजी स्प्रिंग वॉशर वापरा.

मेगर: प्लग काढलेला. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना जोडा, ती जोडी आणि डब्याची अर्थ यांच्यात ५०० व्होल्ट डीसी. फेज-न्यूट्रल एकत्र असल्यामुळे एसएमपीएसच्या आत व्होल्टेज पडत नाही, पडतं ते इन्सुलेशनवरच. २४ व्होल्टचे प्लस-मायनस एकत्र करून त्यांना अर्थला जोडून ठेवा, म्हणजे तुमचा मायक्रोकंट्रोलर मधल्यामध्ये लटकणार नाही. एसएमपीएसमध्ये फेजपासून अर्थला व्हेरिस्टर किंवा सर्ज अरेस्टर (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) असेल तर तो आकडा खाली ओढेल. तो सोडवून मोजा, किंवा २५० व्होल्टवर मोजा. चांगल्या नव्या डब्यात मेगरचा काटा शेकडो मेगओहमच्या पुढे गेला पाहिजे. दोन-चार मेगओहम दाखवले तर पास म्हणून पुढे ढकलू नका, उघडून बघा. मोजल्यावर मेगर काढला तरी अर्थ आणि जोडी एका रेझिस्टरने डिस्चार्ज करा. आतले वाय कपॅसिटर (मेन्स आणि अर्थमधले) चार्ज धरून बसतात, आणि त्या वेळी तुमचा हात बहुतेक प्लगच्या पिनांवर असतो.